पाच वर्षांचा खर्च कोणी उचलायचा?

जुम्याच्या नमाजनंतर मशिदीत होणारी एक घोषणा आता कोणालाच नवी राहिलेली नाही. अमुक मोहल्ल्यातल्या एका भावाला तोंडाचा कॅन्सर झाला आहे, मुंबईला टाटामध्ये न्यायचे आहे, एवढा एवढा खर्च सांगितला आहे, बाहेर पडताना दारात रुमाल पसरलेला आहे. कोकणातल्या गावांत हे काम जमातीच्या वहीतून होते, शहरांत आता व्हॉट्सअॅपवर क्यूआर कोड फिरतो. रुमालात दहाच्या नोटेपासून पाचशेच्या नोटेपर्यंत सगळे पडते. बायका घरी बसून हातातली अंगठी काढून देतात. या बाबतीत आपला समाज हात आखडता घेत नाही, आणि त्याबद्दल अल्लाहचे शुक्र मानायला हवे.

परंतु त्या भावाला टाटामध्ये जे औषध दिले जाते, ते कुठून आले? डॉक्टरांनी ते लिहून दिले, कंपनीने बनवले, हे खरे. पण त्याच्याही आधी, अनेक वर्षे आधी, कोणीतरी एक पंचवीस-सव्वीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी एका थंडगार खोलीत काचेच्या बशीतल्या पेशी रोज मोजत बसली होती. तिच्या नावापुढे तेव्हा डॉक्टर लागलेले नव्हते. ती पीएच.डी.ची विद्यार्थिनी होती. जगात कॅन्सरवरचे मूळ संशोधन जिथे जिथे चालते, तिथे हातांनी होणारे रोजचे काम मोठ्या प्रमाणात अशीच मुले करतात. मोठे शास्त्रज्ञ दिशा दाखवतात, लेख तपासतात, पैसा आणतात. रात्री अकरा वाजता पेशींना खाऊ घालायला जाते ती ही मुले. (पेशींना खरोखरच वेळेवर खाद्य द्यावे लागते, ईद असो की रविवार.)

या मुलांचा पाच वर्षांचा खर्च कोण करते? या लेखात एवढाच प्रश्न आहे. आपण रुग्णाचा खर्च वाटून घेतो, तसा संशोधकाचा खर्चही जगभर वाटूनच घेतला जातो, हे आपल्या घरांत फारसे कोणाला ठाऊक नसते.

आधी पीएच.डी. म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण घराघरांत गोंधळ इथेच होतो. एमबीबीएस म्हणजे डॉक्टर, हे सर्वांना कळते. एम.एस्सी. झालेली मुलगी आणखी पाच वर्षे शिकणार आणि तरीही दवाखाना काढणार नाही, हे पचत नाही. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे वडील टेम्पो चालवतात. त्यांनी मला विचारले होते, "टीचर, पाच वर्षं शिकून ती निदान इंजेक्शन तरी देऊ शकेल ना?" मी म्हटले, नाही देऊ शकणार; पण इंजेक्शनात काय भरायचे ते शोधू शकेल. ते हसले, पण समाधान झाले नव्हते. त्यांचा खरा प्रश्न इंजेक्शनाचा नव्हताच. मुलगी तेवीस वर्षांची, पुढची पाच वर्षे म्हणजे नेमकी लग्नाची वर्षे, आणि घरात कमावणारा एकच हात.

म्हणून हे नीट समजून घ्या. विज्ञानातील पीएच.डी. हे फी भरून घ्यायचे शिक्षण नव्हे. तिथे विद्यार्थ्याला दरमहा पाठ्यवृत्ती मिळते, म्हणजे फेलोशिप. केंद्र सरकारच्या सीएसआयआर आणि यूजीसी यांची नेट परीक्षा वर्षातून दोनदा होते. तिच्यात वरच्या गुणांनी जेआरएफ मिळाली, तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे महिन्याला ३७,००० रुपये आणि पुढची तीन वर्षे ४२,००० रुपये मिळतात. राहण्याची सोय संस्थेने केली नाही तर घरभाडे वेगळे. वयाच्या अटीत मुलींना पाच वर्षांची सवलत आहे. टेम्पोवाल्या भावांना हा आकडा कळला तेव्हा ते काही वेळ गप्प बसले.

आता हा पैसा एकाच थैलीतून येत नाही, आणि संशोधन तर एका थैलीत कधीच मावत नाही. याचे सर्वांत जवळचे उदाहरण मुंबईतच आहे.

पवईच्या आयआयटीत डॉ. राहुल पुरवार यांची प्रयोगशाळा आहे. रक्ताच्या काही कॅन्सरांवर अमेरिकेत एक नवा उपचार निघाला होता, त्याला कार-टी म्हणतात. रुग्णाच्याच रक्तातल्या टी नावाच्या पांढऱ्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यात एक नवे जनुक बसवायचे, त्यामुळे त्या कॅन्सरची पेशी ओळखायला शिकतात, मग त्या वाढवून पुन्हा त्याच रुग्णाच्या शरीरात सोडायच्या. स्वतःचेच शिपाई, पण नव्याने तालीम दिलेले. अमेरिकेत याची किंमत आपल्या पैशात तीन-चार कोटींच्या घरात जाते. एवढा रुमाल कोणत्या मशिदीत भरणार?

पुरवार यांच्या हाताखाली पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींनी हीच गोष्ट इथे, आपल्या हातांनी, पहिल्यापासून बनवायला घेतली. अनेक वर्षे गेली. रुग्णांवरची चाचणी टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी केली, बालरुग्णांचे डॉ. गौरव नरुला हे त्यात पुढे होते. २०२१ च्या जूनमध्ये नवी मुंबईतल्या खारघरच्या अॅक्ट्रेक या टाटांच्याच संशोधन केंद्रात पहिल्या रुग्णाला या पेशी दिल्या गेल्या. चाचणीसाठी केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने आपल्या बायरॅक या संस्थेमार्फत पैसा दिला. आयआयटीतूनच इम्युनोॲक्ट ही कंपनी निघाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांनी परवानगी दिली, आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईला ते देशाला अर्पण झाले. नाव नेक्सकार-१९. किंमत अमेरिकेच्या साधारण एक दशांश. तरीही ती लाखांतच आहे आणि गरिबाच्या आवाक्याबाहेरच आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण कोटी आणि लाख यांत जे अंतर आहे, त्यात माणसे वाचतात.

या गोष्टीत किती थैल्या आल्या ते मोजा. विद्यार्थ्यांची फेलोशिप एका ठिकाणची, प्रयोगशाळा आयआयटीची, रुग्णालय अणुऊर्जा विभागाखालच्या टाटा केंद्राचे, चाचणीचा पैसा जैवतंत्रज्ञान विभागाचा, कारखाना कंपनीचा. यातली एक जरी थैली वेळेवर उघडली नसती तरी काम अडले असते. आणि सगळ्यांत लहान थैली कोणती? त्या मुलांच्या महिन्याच्या पाठ्यवृत्तीची. कोट्यवधींच्या यंत्रांपुढे ती काहीच नाही. पण ती थांबली की मुलगा गावी परततो आणि यंत्रावर धूळ बसते.

टाटा म्हटले की आपल्याला परळचे रुग्णालय आठवते. त्यामागची गोष्ट आपल्या बायकांना नक्की आवडेल. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने वारल्या. त्यांच्याकडे जुबिली नावाचा हिरा होता, कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. १९२४ मध्ये टाटांचा पोलाद कारखाना अडचणीत आला तेव्हा कर्जासाठी दागिने गहाण ठेवले गेले, त्यात हा हिराही होता. पुढे तो सोडवला, आणि दोराबजींच्या मृत्यूनंतर विकला जाऊन त्याचा पैसा त्यांच्या ट्रस्टमध्ये गेला. त्याच ट्रस्टने १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले.

पण त्याआधीच, १९३२ मध्ये, पत्नीच्या मृत्यूनंतर वर्षभराच्या आत आणि स्वतःच्या मृत्यूच्या काहीच आठवडे आधी, दोराबजींनी आणखी एक ट्रस्ट केला: लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट. त्याचे उत्पन्न रुग्णांना वाटायचे नव्हते. पाचातले चार भाग जगभर रक्ताच्या कॅन्सरवर संशोधन करणाऱ्यांना, आणि एक भाग भारतात माणसाचे दुःख कमी करणाऱ्या विज्ञानाला. आज नव्वदहून अधिक वर्षे झाली, तो ट्रस्ट चालू आहे आणि भारतातल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देतो आहे. ज्या आजाराने बायको गेली, त्या आजाराशी लढणारी माणसे तयार करण्यासाठी पैसा ठेवला; आणि मूळ रक्कम न मोडता, तिच्या उत्पन्नातून. आपण याला काय म्हणतो? आपल्या शब्दकोशात याला वक्फ म्हणतात. दोराबजी पारशी होते. पण असल अबाधित ठेवून फायदा खलकतीला, हा हिशोब आपल्याला परका नाही.

परळच्या त्या रुग्णालयात डॉ. व. रा. खानोलकर होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली पुण्याच्या एका मुलीने १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. ती डॉ. कमल रणदिवे. पुढे रॉकफेलर फाउंडेशनच्या फेलोशिपवर त्या अमेरिकेला गेल्या, परत आल्या, इथे पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली, स्तनांच्या कॅन्सरवर काम केले आणि १९८२ मध्ये पद्मभूषण झाल्या. म्हणजे टाटांच्या पैशाचे रुग्णालय, मुंबईचे विद्यापीठ आणि अमेरिकन फाउंडेशनची फेलोशिप. तीन ठिकाणच्या मदतीवर एक मराठी बाई शास्त्रज्ञ झाली. खानोलकरांनी १९५२ मध्ये सुरू केलेली ती संशोधन संस्था पुढे टाटा मेमोरियल सेंटरचा भाग बनली आणि २००२ मध्ये खारघरला अॅक्ट्रेक म्हणून स्थलांतरित झाली. आज तिथे पीएच.डी. करणाऱ्या मुलांची नोंदणी होमी भाभा राष्ट्रीय संस्थेकडे होते.

विलायतेत तर हे सगळे उघड भागीदारीने चालते. लंडनला २०१६ मध्ये उघडलेली फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूट सहा भागीदारांनी मिळून उभारली आहे: सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद, कॅन्सर रिसर्च यूके आणि वेलकम या दोन धर्मादाय संस्था, आणि तीन विद्यापीठे. विद्यार्थी काम क्रिकमध्ये करतो, पदवी विद्यापीठाची घेतो. यातली कॅन्सर रिसर्च यूके सामान्य लोकांच्या पैशावर चालते. जुन्या कपड्यांची दुकाने, शर्यती, डबे. आणि फार मोठा वाटा मृत्युपत्रांचा. म्हातारी माणसे आपल्या वसीयतीत लिहून जातात की इतका हिस्सा कॅन्सरच्या संशोधनाला. शरीअतने आपल्यालाही एक तृतीयांशपर्यंत वसीयतीचा हक्क दिला आहे, वारसांचे हिस्से सांभाळून. आपल्याकडे तो वापरतात किती जण? जमिनीच्या वाटणीवर भांडण्यातच पिढी संपते.

एकेकाळी हे आपलेच काम होते, असे आपण भाषणांतून वारंवार ऐकतो आणि मला त्या भाषणांचा थोडा कंटाळा आहे. पूर्वजांच्या पुण्याईवर किती दिवस जगायचे? तरी दोन गोष्टी सांगते, कारण त्या थेट खर्चाच्या आहेत. बगदादची मुस्तनसिरिया १२३४ मध्ये सुरू झाली. तिथे चारही मजहबांच्या विद्यार्थ्यांना राहणे, जेवण आणि वर दरमहा रोख रक्कम मिळे, आणि हे सारे वक्फच्या उत्पन्नातून. वैद्यकही शिकवले जाई. म्हणजे दरमहा पाठ्यवृत्तीची कल्पना यूजीसीने शोधलेली नाही. दुसरी गोष्ट इब्ने नफीस यांची. हृदयातून रक्त फुप्फुसांत जाऊन परत येते, हे त्यांनी युरोपच्या तीनशे वर्षे आधी लिहून ठेवले. १२८८ मध्ये वारले तेव्हा आपले घर आणि आपली सर्व किताबे त्यांनी काहिराच्या मन्सूरी रुग्णालयाला देऊन टाकली. ज्या रुग्णालयात वैद्यक शिकवले जात होते, त्याच रुग्णालयाला.

आणि इतक्या दूर जायचीही गरज नाही. मुंबईत १९३५ मध्ये सिप्ला कंपनी काढणारे डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद हे अलीगढचे, बर्लिनहून पीएच.डी. झालेले. ज्या सीएसआयआरची फेलोशिप आज लाखो मुले मागतात, ती १९४२ मध्ये स्थापन झाली, आणि तिच्या उभारणीत हमीद साहेबांचा हात होता. तिच्या नियामक मंडळावर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. त्यांचे चिरंजीव डॉ. युसूफ हमीद केंब्रिजला पीएच.डी. झाले, आज केंब्रिजच्या रसायनशास्त्र विभागाला त्यांचे नाव आहे, कारण त्यांनी त्या विभागाला मोठी देणगी दिली. २०१२ मध्ये सिप्लाने कॅन्सरच्या काही औषधांच्या किमती एकदम खाली आणल्या, ते त्यांच्याच काळात. पुण्याला वारजे इथे कॅन्सरच्या रुग्णांची शेवटच्या काळात मोफत सेवा करणारे केंद्र सिप्लाच्या संस्थेने १९९७ पासून चालवले आहे. बापाला शिकायला मिळाले, मुलाला शिकायला मिळाले, आणि ते किती घरांपर्यंत पोहोचले.

आता कडू भाग. २००९ पासून केंद्र सरकार मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप देत होते. मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी, जैन, या सहा अल्पसंख्य समाजांच्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी. डिसेंबर २०२२ मध्ये तत्कालीन मंत्री स्मृती इराणी यांनी लोकसभेत सांगितले की २०२२-२३ पासून ती बंद करण्यात येत आहे. कारण हे की ती इतर योजनांशी दुहेरी होते. ज्यांना आधीच मिळाली होती त्यांची चालू राहिली, पण त्यांचेही हप्ते महिनोन्महिने थकल्याच्या तक्रारी होत राहिल्या. "इतर योजना आहेतच" हे कागदावर खरे आहे. पण ज्या घरात पहिल्यांदाच कोणी एम.एस्सी. झाले, त्या घरातल्या मुलीसाठी एक दार कमी होणे म्हणजे काय, ते कागदाला कळत नाही.

रडत बसून मात्र उपयोग नाही. उघडी दारे कोणती? सीएसआयआर-यूजीसी नेट सर्वांना खुली आहे. जैवतंत्रज्ञान विभागाची वेगळी परीक्षा आहे. अॅक्ट्रेक आपली जाहिरात देते. पुण्याची एनसीसीएस ही पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्थाही कॅन्सरवर काम करते. राज्यात महाज्योती ही संस्था ओबीसी आणि भटक्या-विमुक्त विद्यार्थ्यांना पीएच.डी.साठी फेलोशिप देते. बागवान, तांबोळी, मोमीन, पिंजारी अशा आपल्या कितीतरी बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. पण जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेयरचे प्रमाणपत्र वेळेवर काढलेले नसते, म्हणून हक्क असून मुले अर्ज करत नाहीत. अल्पसंख्याकांसाठी बार्टी-सारथीच्या धर्तीवर मार्टी ही संस्था काढायला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. तिच्या जाहिरातींवर शिकलेल्या माणसांनी डोळा ठेवला पाहिजे. दहावीच्या वर्गात मी एवढे एकच काम नेमाने करते: जातीचे दाखले काढले का, हे प्रत्येक आईला विचारते.

कोणी म्हणेल, संशोधन कोणीही करो, औषध तर सगळ्यांनाच मिळते. आपलीच मुले तिथे कशाला हवीत? याचे उत्तर उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये मिळते. १९९९ च्या सुमारास बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून, गेट्स फाउंडेशनच्या पैशातून, त्या जिल्ह्यातल्या तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर एक मोठा अभ्यास केला. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची कोणती तपासणी खेड्यात खरोखर जीव वाचवते, हे पाहायचे होते. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आला: एचपीव्ही विषाणूची एकदाच केलेली तपासणीसुद्धा मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते. जगाच्या आरोग्य धोरणात मराठवाड्यातल्या या बायकांचा दाखला दिला जातो.

या अभ्यासात बाईला तपासणीला यायला राजी करणे, हेच अर्धे संशोधन होते. आपल्या मोहल्ल्यांत हे काम कोण करू शकेल? जिला दखनी बोलता येते, जिला अम्मीची शरम कळते, जी नकाबातल्या बाईच्या शेजारी सतरंजीवर बसू शकते. गुटखा, मिसरी, तंबाखू घालून पान, यांनी तोंडाचा कॅन्सर आपल्या घरांत येतो. कोणत्या गोष्टीचा शोध घ्यायचा, हे शोधणारा कोणत्या घरातून आला आहे त्यावरही ठरते.

मग आपण नेमके काय द्यायचे? फेलोशिप सरकार देते, प्रयोगशाळा संस्था देते. ते आपल्या आवाक्यातले नाही आणि त्याची गरजही नाही. मुले गळतात ती मधल्या फटींत. एम.एस्सी. संपल्यापासून जेआरएफ लागेपर्यंतचे वर्ष-दीड वर्ष, ही पहिली फट. परीक्षा पहिल्या फटक्यात क्वचितच निघते, आणि तेवढ्यात घरचे नोकरी नाही तर निकाह ठरवून मोकळे होतात. दुसरी फट हप्ता थकतो तेव्हाची. तिसरी शेवटची: पाच वर्षांची मुदत संपते, प्रबंध मात्र आणखी सहा महिने चालतो, आणि त्या सहा महिन्यांत खात्यात काहीच येत नाही.

त्या टेम्पोवाल्या भावांच्या मुलीने पहिली फट कशी ओलांडली, ते मी जवळून पाहिले. पहिल्या प्रयत्नात ती अगदी थोडक्यात राहिली. मग कुवैतला असलेल्या चाचांनी दरमहा थोडे पाठवले, अम्मीने आपल्या भिशीचा नंबर तिच्यासाठी लवकर घेतला, आणि पुण्यातल्या वसतिगृहाचे भाडे गावच्या एका छोट्या एज्युकेशन ट्रस्टने भरले. तिघांत मिळून चौदा महिने निघाले. दुसऱ्या वेळी जेआरएफ मिळाली. आता ती तिसऱ्या वर्षात आहे, तोंडाच्या कॅन्सरच्या पेशींवर काम करते, आणि वडिलांच्या टेम्पोचा हप्ता तिच्या पाठ्यवृत्तीतून जातो. लग्नही ठरले आहे. मुलाकडच्यांना तिने काम सांगून ठेवले होते, त्यांनी कबूल केले.

एक मसला इथे येतोच. यासाठी जकात चालेल का? आपल्याकडचे उलमा साधारणपणे असे सांगतात की जकातीचा पैसा गरजूच्या मालकीचा झाला पाहिजे. म्हणजे विद्यार्थी स्वतः मुस्तहिक असेल तर त्याच्या हातात देता येतो; इमारत, यंत्रे, कार्यालयाचा खर्च यांत घालता येत नाही. जिची गरज आहे पण जी जकातीस पात्र नाही, तिच्यासाठी नफली सदका आणि लिल्लाह रक्कम आहे. कोकणातले शाफई असोत की देशावरचे हनफी, आपापल्या मुफ्ती साहेबांना विचारून दोन वेगळ्या वह्या ठेवाव्यात. मृत्यूनंतरही सवाब चालू ठेवणाऱ्या गोष्टींत सदका-ए-जारिया आणि लोकांच्या उपयोगी पडणारे इल्म, दोन्ही मोजले गेले आहेत, हे तर मकतबात जाणाऱ्या पोरालाही ठाऊक असते. मशिदीच्या पंख्यावर नाव घालण्यापेक्षा हे मला जास्त टिकाऊ वाटते. पंख्यांना माझा विरोध नाही, उन्हाळ्यात तेही लागतात.

अशी वही काढायची तर काही गोष्टी आधीच ठरवून ठेवाव्यात. पैसा विद्यार्थ्याच्या खात्यात जावा, कोणा पुढाऱ्याच्या हस्ते पाकिटातून नको. फोटो तर नकोच. निवड नातेवाइकांनी नव्हे, विषय कळणाऱ्या दोन-तीन शिक्षकांनी करावी. दर तीन महिन्यांनी विद्यार्थ्याने काय वाचले, कोणत्या परीक्षेला बसला, ते एक पान लिहून द्यावे. आणि मुलीला दिले तर तिच्या निकाहानंतर बंद करू नये. शेवटची अट मुद्दाम लिहिली आहे, कारण ती विसरली जाते.

हिशोब असा. जेआरएफच्या तयारीच्या वर्षात शहरात राहणाऱ्या मुलीला खोली, मेस, पुस्तके, फॉर्म आणि प्रवास धरून महिन्याला पंधरा हजार पुरतात, काटकसरीने. वर्षाचे १,८०,००० रुपये. एका मोहल्ल्यात साठ घरांनी वही केली तर प्रत्येक घराला महिन्याला २५० रुपये येतात.